विल्यम लॅम्बटन : आधी साखळी तपासणारा माणूस



तिसरी-चौथीला गणितात मापन हा घटक आला की आपण पट्ट्या वाटतो, पेन्सिल मोजायला लावतो, उत्तर सेंटिमीटरमध्ये लिहून घेतो आणि पुढच्या घटकाकडे वळतो. घटक तसा सोपा वाटतो. पण लांबी मोजण्यासाठी आपल्या आयुष्याची वीस-एकवीस वर्षं देणारा एक माणूस होता. त्याची कबर आपल्याच महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला आहे. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन. एव्हरेस्ट हे नाव पहिलीतलं पोरही सांगतं. पण एव्हरेस्ट शिखराची उंची ज्या मोजणीच्या पायावर काढली गेली, तो पाया ज्यानं घातला, त्या लॅम्बटनची ओळख आपल्या वर्गात क्वचितच होते. म्हणून आज त्याची गोष्ट. वाचून झाल्यावर ती तुमच्या भाषेत मुलांना जरूर सांगा.

बालपण आणि शिक्षण

लॅम्बटनचा जन्म साधारण 1753 साली इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात, नॉर्थॲलर्टन गावाजवळच्या एका गरीब शेतकरी घरात झाला. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगा गणितात हुशार. जवळच्याच शाळेत तो शिकला. पुढे 1781 मध्ये सैन्यात सर्वांत खालच्या दर्जाचा अधिकारी म्हणून भरती झाला आणि लगेच त्याला अमेरिकेत जावं लागलं. तिथे इंग्रजांची लढाई हरण्याच्या बेतात होती. यॉर्कटाउनला इंग्रज फौजेनं शरणागती पत्करली, तेव्हा कैद झालेल्यांत लॅम्बटनही होता.

सुटका झाल्यावर तो कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक भागात राहिला. तिथे नव्यानं वस्ती करायला आलेल्या लोकांना जमिनी वाटून द्यायच्या होत्या, आणि जमीन वाटायची म्हणजे आधी मोजायची. हे काम तो शिकला. पुढची जवळजवळ तेरा वर्षं तो तिथेच होता. बढती नाही, नाव नाही. रिकाम्या वेळात गणिताची आणि खगोलशास्त्राची पुस्तकं वाचायची, रात्री तारे बघायचे, एवढाच छंद. सूर्यग्रहण बघताना त्याच्या एका डोळ्याला कायमची इजा झाली असं सांगतात. (ग्रहणाचा पाठ घेताना ही गोष्ट उपयोगी पडते, लक्षात ठेवा!)

भारतात आगमन

1796 च्या सुमारास त्याची 33 वी पलटण भारतात आली. तेव्हा लॅम्बटन चाळिशी ओलांडलेला, अबोल, थोडा बुजरा माणूस होता. पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे नेपोलियनला वॉटर्लूला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. 1799 मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत दोघेही होते.

ह्या मोहिमेतला एक प्रसंग मुलांना फार आवडतो. एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात परत छावणीकडे निघाली होती. लॅम्बटननं आकाशाकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपण उत्तरेऐवजी दक्षिणेला चाललोय, म्हणजे सरळ टिपूच्या सैन्याकडे! त्यानं जनरलला सांगितलं. जनरलला आधी पटेना. शेवटी होकायंत्र काढून पाहिलं, तर लॅम्बटनचं बरोबर निघालं. तुकडी मागे फिरली आणि वाचली. दिशा नीट माहीत असणं म्हणजे काय, हे त्या रात्री सगळ्यांना कळलं.

एक मोठी कल्पना

टिपूचा पाडाव झाल्यावर कंपनी सरकारच्या हातात मोठा मुलूख आला. लॅम्बटननं एक योजना मांडली. पूर्वेच्या मद्रास किनाऱ्यापासून पश्चिमेच्या मलबार किनाऱ्यापर्यंत सगळा दक्षिण भारत अचूक मोजायचा. नुसता रस्त्याच्या कडेनं चाक फिरवून नाही, तर त्रिकोणांच्या मदतीनं. 1800 मध्ये मद्रासच्या गव्हर्नरनं योजनेला मंजुरी दिली. वेलस्लीचा पाठिंबा कामी आला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कंपनीला नकाशे हवे होते ते सैन्य हलवायला, सारा वसूल करायला, राज्य पक्कं करायला. मोजणी ही त्या काळी सत्तेच्या हातातली वस्तू होती. मोठ्या वर्गातल्या मुलांना हेही सांगावं. पण लॅम्बटनच्या मनात आणखी एक प्रश्न होता, तो निव्वळ विज्ञानाचा. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे? पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, त्यामुळे अक्षांशाच्या एका अंशाची लांबी सगळीकडे सारखी नसते. आज आपल्याला माहीत आहे की विषुववृत्ताजवळ ती सुमारे 110.6 किलोमीटर आणि ध्रुवाजवळ सुमारे 111.7 किलोमीटर भरते. फरक फक्त एक किलोमीटरचा. हा फरक पकडायचा तर मोजणी किती काटेकोर हवी, विचार करा!

चीनच्या बादशहानं नाकारलेली साखळी

आता मोजायचं कशानं? लॅम्बटनला मिळाली ती 100 फुटी पोलादी साखळी. अडीच फुटांची एक, अशा 40 कड्या जोडून ती बनवलेली होती. तिची कहाणीही गमतीची आहे. एक इंग्रज शिष्टमंडळ चीनच्या बादशहाकडे भेटी घेऊन गेलं होतं, त्या भेटींत ही साखळी होती. बादशहाला तिचं काही कौतुक वाटलं नाही. शेवटी ती शिष्टमंडळातल्या एका शास्त्रज्ञाबरोबर कोलकात्याला आली आणि तिथून लॅम्बटनकडे.

आपल्याकडेही जमीन मोजायला साखळीच होती. जुनी सरकारी मोजणीची साखळी 33 फुटांची, आणि तिचे भाग 16, रुपयाच्या सोळा आण्यांसारखे. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जागा म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजेच आपला एक गुंठा. कोकणात बांधावरून किती भांडणं होतात, ते तुम्हाला सांगायला नको. साखळी चार बोटं सैल धरली तर कुणाचा तरी माड दुसऱ्याच्या आवारात जातो.

मद्रासची आधाररेषा, 1802

1802 च्या उन्हाळ्यात मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपासून पेरुंबाक्कमच्या टेकडीपर्यंत लॅम्बटननं पहिली आधाररेषा मोजली. लांबी सुमारे साडेसात मैल, म्हणजे 12 किलोमीटर. फुटांत सांगायचं तर 40 हजारांहून थोडी जास्त. 100 फुटी साखळी चारशे वेळा टाकायची! एवढं अंतर आपण अडीच-तीन तासांत चालून जाऊ. त्याला कित्येक आठवडे लागले. का लागले, ते बघा, कारण इथेच आपला वर्गातला धडा दडलेला आहे.

पहिली गोष्ट, साखळी जमिनीवर नुसती टाकली तर ती खड्ड्यात लोंबते, दगडावर उचलली जाते. वाकडी साखळी मोजणी चुकवते. म्हणून वीस-वीस फुटांच्या पाच लाकडी पेट्या ओळीत, आधारांवर सरळ पातळीत लावायच्या, त्यांत साखळी ठेवायची आणि टोकाला ठरावीक वजन लावून ताणायची.

दुसरी गोष्ट, जिथे एक साखळी संपली नेमकी तिथेच पुढची सुरू झाली पाहिजे. मध्ये फट नको, एकावर एक चढायलाही नको. त्यासाठी टोकाची खूण अगदी बारीक आणि पक्की करायची.

तिसरी गोष्ट, उन्हानं लोखंड वाढतं. पेट्यांमध्ये तापमापक ठेवले होते आणि प्रत्येक वेळी तापमान लिहून घेतलं जात होतं. आपण हिशोब करून पाहू. 100 फुटी पोलादी साखळी 10 अंश सेल्सिअसनं तापली तर साधारण साडेतीन मिलिमीटरनं वाढते. साडेतीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही ना? पण ते चारशे वेळा झालं की जवळजवळ 1.4 मीटर होतात. म्हणजे आपल्या तिसरीतल्या एका मुलाच्या उंचीहूनही जास्त!

चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. लॅम्बटनकडे साखळ्या दोन होत्या. एकीनं मोजायचं. दुसरी कामाला लावायचीच नाही, ती फक्त ताडून पाहायला ठेवायची. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर पहिली साखळी दुसरीशी जुळवायची. वापरून वापरून कड्या झिजतात, सांधे सैल होतात, साखळी कणभर लांब होते. किती झाली ते मोजायचं आणि उत्तरात दुरुस्ती करायची. जगाला मोजण्याआधी आपलं माप खरं आहे का, हे तो बघत होता.

एक बाजू मोजली, मग फक्त कोन

एवढा खटाटोप एकाच रेषेसाठी का? कारण त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू गणितानं निघतात. मग त्या निघालेल्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. टेकडीवरून टेकडीवर नुसते कोन मोजत जायचं. मध्ये नदी असो, जंगल असो, साखळी टाकायची गरज नाही. पण पहिली बाजू चुकली तर पुढचे सगळे त्रिकोण चुकणार. म्हणून पहिल्या रेषेला एवढा जीव लावायचा, आणि मधूनमधून दुसरी आधाररेषा मोजून गणिताचं उत्तर जुळतं का ते तपासायचं.

कोन मोजायला मोठं थिओडोलाइट यंत्र इंग्लंडहून मागवलं होतं. वजन जवळजवळ अर्धा टन. येताना फ्रेंचांनी जहाज पकडलं आणि यंत्र मॉरिशसला नेलं. तेव्हा इंग्रज-फ्रेंच हाडवैरी. पण तिथल्या फ्रेंच गव्हर्नरला कळलं की हे विज्ञानाचं यंत्र आहे, तेव्हा त्यानं ते आदरानं मद्रासला पाठवून दिलं.

काही वर्षांत त्रिकोणांची साखळी एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली. तेव्हा कळलं की मद्रासच्या रेषेत भारताची रुंदी नकाशात दाखवली होती तशी 400 मैल नाही, 360 मैलांच्या आसपास आहे. 40 मैल जमीन कागदावरच होती! तरीही खर्चावर कुरकुर होतीच. हिशोब बघणाऱ्या एका सभासदाचं म्हणणं होतं की श्रीरंगपट्टणला जायचं असेल तर पालखीच्या भोयांना सांगितलं की ते नेतात, त्याला एवढी मोजणी कशाला. लॅम्बटन वाद घालत बसला नाही. काम करत राहिला.

तंजावरचा अपघात

1808 साली मोजणी तंजावरला पोहोचली. तिथे तेव्हा भोसले घराण्यातले दुसरे सरफोजीराजे गादीवर होते. आजूबाजूला सपाट मुलूख, डोंगर नाहीत. मग उंच जागा कुठली? बृहदीश्वराच्या मंदिराचं उंच शिखर. ते अर्ध्या टनाचं यंत्र दोरानं वर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. ज्या पितळी वर्तुळावर कोन वाचायचे तेच वाकलं. दुसरं यंत्र इंग्लंडहून यायला दोन-तीन वर्षं लागली असती.

लॅम्बटननं काय केलं? तो तंबूत जाऊन बसला आणि जवळजवळ सहा आठवडे त्या वर्तुळाशी झगडत राहिला. पाचर, स्क्रू, लहान कप्प्या लावून ते थोडं थोडं ओढत, पुन्हा मोजत, पुन्हा ओढत त्यानं ते गोल जागेवर आणलं. ते यंत्र पुढेही अनेक वर्षं कामात राहिलं.

हिंगणघाट

पुढे कन्याकुमारीपासून सरळ उत्तरेला, 78 व्या रेखांशाच्या आसपास त्रिकोणांची एक लांब साखळी जाऊ लागली. बिदरच्या परिसरात नवी आधाररेषा मोजली. 1817 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला सदस्य करून घेतलं. 1818 पासून ह्या कामाला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं आणि जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण मदतनीस म्हणून आला. तेव्हा लॅम्बटन पासष्टीचा होता.

ह्या सगळ्या वर्षांत त्याच्याबरोबर पेट्या वाहणारे, झाडं तोडून वाट करणारे, डोंगरमाथ्यावर झेंडे धरून उन्हात उभे राहणारे, तापानं आजारी पडणारे कितीतरी इथले लोक होते. बहुतेकांची नावं कुठल्याच नकाशावर नाहीत. मुलांना ही गोष्ट सांगताना त्यांचीही आठवण करून द्या.

1823 च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे जाताना लॅम्बटनचा खोकला बळावला. 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटला मुक्कामातच त्याचं निधन झालं. वय सुमारे 70. हिमालय अजून कितीतरी लांब होता. त्यानं तो कधी पाहिला नाही.

काम एव्हरेस्टनं पुढे नेलं. त्यानं नव्या, जास्त चांगल्या साधनांनी आधीची काही मोजणी पुन्हा केली. म्हणजे लॅम्बटनची मोजणीसुद्धा तपासली गेली, आणि मोजणीत हेच अपेक्षित असतं. 1841 पर्यंत कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारे 2400 किलोमीटरची रेषा पूर्ण झाली. ह्या जाळ्याच्या आधारे हिमालयातली शिखरं लांबूनच मोजली गेली. राधानाथ सिकदार ह्या बंगाली गणितज्ञाच्या आकडेमोडीतून एक शिखर सर्वांत उंच ठरलं. 1856 मध्ये त्याची उंची 29,002 फूट जाहीर झाली. आजचा आकडा 8848.86 मीटर, म्हणजे सुमारे 29,032 फूट. फरक 30 फुटांचा! आणि शिखराला 1865 मध्ये नाव मिळालं ते एव्हरेस्टचं.

आपल्या वर्गात काय न्यायचं?

आता पट्टीकडे येऊ. तिसरीतल्या मुलाला लांबी मोजायला दिली की तीन-चार चुका ठरलेल्या असतात. पट्टीच्या कडेपासून मोजणे, शून्यापासून नाही. झिजलेल्या पट्टीवर 1 पासून सुरू करणे आणि शेवटचा आकडा तसाच वाचणे. पट्टी तिरकी धरणे. पट्टी उचलून पुढे ठेवताना फट सोडणे. बघा बरं, चारही ठिकाणी लॅम्बटन भेटतो की नाही!

उदाहरण घ्या. 30 सेंटिमीटरच्या पट्टीला दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सेंटिमीटर कोरी जागा असते. म्हणजे पट्टी खरं तर 31 सेंटिमीटर लांब आहे. मुलानं बाक मोजताना पट्टी चार वेळा कडेला कड लावून ठेवली, तर तो म्हणणार 120 सेंटिमीटर. बाक असतो 124 चा. मुलाची बेरीज, गुणाकार सगळं बरोबर, पण उत्तर चूक. आपण लाल पेनानं फुली मारतो आणि त्याला वाटतं, आपल्याला गणित येत नाही. असं होऊ नये म्हणून मला वाटतं, पट्टी हातात देण्याआधी थोडा वेळ घ्यायला हवा.

आधी नुसती तुलना. दोन पेन्सिली शेजारी ठेवल्या की लांब कुठली ते कळतं, पण खालची टोकं एका रेषेत हवीत. मग वीत आणि पाऊल. फळा गुरुजींच्या वितीनं वेगळा भरतो आणि सोनूच्या वितीनं वेगळा, हे मुलांनी स्वतः करून बघावं. आपल्याकडे पाण्याची खोली वावेत सांगणारे लोक आहेत, चिरे लावताना दोरी धरणारे गवंडी आहेत. मुलांना त्यांना विचारून यायला सांगा. सगळ्यांचं माप सारखं का हवं, हे तिथून आपोआप येतं.

मग पट्टी द्या, पण पहिल्या दिवशी काहीही मोजायला सांगू नका. वर्गातल्या सगळ्या पट्ट्या एकमेकींशी ताडून बघायला सांगा. शून्य कुठे आहे? कड कुठे आहे? कुणाची झिजली आहे? कुणाची वाकली आहे? एक नवी, चांगली पट्टी कपाटात ठेवा. तिनं रोज मोजायचं नाही, फक्त इतर पट्ट्या तपासायच्या. तिला मुलांनी लॅम्बटनची पट्टी म्हटलं तरी चालेल.

त्यानंतर वर्गाची लांबी तीन गटांना वेगवेगळी मोजू द्या. उत्तरं वेगळी येतील. कुणाचं चूक ते लगेच सांगू नका. फरक कुठून आला ते गटांनाच शोधू द्या, आणि पुन्हा मोजू द्या. दुसऱ्या वेळी उत्तरं जवळ आली की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशात हिंगणघाट दाखवायला मात्र विसरू नका. रत्नागिरीपासून बरंच लांब आहे. किती लांब, ते मुलांना नकाशावर पट्टी ठेवून, प्रमाण वापरून काढू द्या. आणि हो, शून्यापासून!